पोटदुखीचं सोंग

प्रिय आई,

तुला आणि बाबांना इथूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे, वेळेवर जेवते. बाबांना सांग, डॉक्टर होण्याआधी आम्हाला इथे माणसांचं ऐकायला शिकवतात. त्यांनी हसू नये, परीक्षाही असते.

काल वर्गात मी पेशंट झाले होते. मी पोटदुखीचं सोंग करायचं आणि समोरच्या मुलीने मध्ये न बोलता ऐकायचं. तिने मायेने विचारलं, "काय होतंय तुम्हाला?" इथे आल्यापासून मला हे कुणी विचारलंच नव्हतं. एकदम रडू फुटलं. बाईंनी सगळ्यांसमोर माझ्या अभिनयाचं कौतुक केलं. मीही हसून घेतलं.

तुझा गुडघा कसा आहे? नुसतं 'बरा आहे' लिहू नकोस. तसं लिहायला मी तुझ्याकडूनच शिकले आहे.

तुझीच,
धाकटी