दादानं जाळं पुन्हा तळाला सोडलं

मंगळवार, धरणावरून आल्यावर

आज मी थोरल्या भावाला मारलं.

गेल्या आठवड्यात आमच्या जाळ्यात तीन कासवं गुदमरून मेली. तेव्हाच ठरलं होतं, जाळं तळापासून हातभर वर बांधायचं, म्हणजे कासवं खालून निघून जातील. दादा हो म्हणालता. आज ओढलं तर जाळं तळाला टेकलेलं, आणि त्यात परातीएवढं कासव, जिवंत. मी दोरे सोडवत होतो, तोवर कासवानं दादाचं बोट चावून धरलं. दादानं वल्हं उचललं आणि मारतच सुटला. कासवाची पाठ फुटली. नारळ फोडल्यासारखा आवाज.

"दादा, बास! जाळं खाली कावून सोडलंस?"

"कडा गावच्या बाजारात तळाचा मासा मागतात, बे! रिकामी पाटी घेऊन जाऊ का?"

त्यानं पुन्हा वल्हं उगारलं. मी त्याच्या तोंडावर ठोसा मारला. तो पाण्यात पडला. मी जाळं कापून कासव सोडलं, मग दादाला हात दिला. फुटक्या पाठीनं ते जगेल का, कुणास ठाऊक.

दादाचा एक दात पडला. घरी वहिनीला म्हणाला, होडीत घसरलो. तिनं कडक भाकरी मोडली तर मला पाठ फुटल्याचा तोच आवाज ऐकू आला.

दादा माझ्याकडं न बघता बोलला, "उद्या जाळं वर बांध." मग थोड्या वेळानं, "पण मला आधी पाण्यातून कावून न्हाई काढलंस?"

मी कापलेलं जाळं पुढ्यात ओढलं आणि शिवायला बसलो.