तळ्याकाठचा दर्शनाचा दगड

अप्पा, तुमच्या दगडाला आता लोखंडी कठडा केलाय. शेजारी एक बाई शेवंतीच्या माळा विकते. तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली. मागच्या आठवड्यात हुणसूरवरून बसने मी डोंगरातल्या त्या तळ्याकाठच्या गावी गेले. तिथल्या माहितीफलकाचं काम आमच्या ऑफिसकडे आलंय आणि मजकूर मला लिहायचा होता. तळं, होड्या, मिरीच्या वेली, पलीकडच्या टेकडीवरचं देऊळ, सगळं तुम्ही सांगायचात तसंच आहे. काहीतरी वाटेल असं धरून गेले होते. काही वाटलं नाही. फोटो काढले, टिपणं केली.

तुम्ही टूरिस्ट बसवर गाइड होतात, आणि शाळेत घालेपर्यंत मला तुम्हीच शिकवलंत, स्वयंपाकघरात, आईचा स्वयंपाक चालू असताना. धडा बहुतेक या गावाचाच. ओढ्याला बांध घालून तळं केलं, मीठ लादलेले बैल घाट चढून तिथे मुक्कामाला थांबत. बांध कोणी घातला, असं तुम्ही विचारलंत तेव्हा मी एका राजाचं नाव ठोकून दिलं. तुम्ही पाटी पुसायला लावलीत. "माहीत नसेल तर माहीत नाही असं लिहायचं. साकु, पुरे, पुढे चल." तेव्हापासून मी साधा ईमेलही तीनदा तपासते.

आणि तो दिवस. आई आणि मी तुमच्या बसमध्ये आहोत. आईला त्या वर्षी दम लागतो, देवळाच्या पायऱ्या झेपणार नाहीत, आणि सगळ्यांदेखत एकटीनं खाली थांबायचं म्हणून ती आधीच ओशाळलीय. तुम्ही तळ्याकाठच्या त्या दगडाशी थांबता आणि सांगता की ज्यांना चढवत नाही त्यांनी इथून कळस पाहिला की दर्शन पुरं होतं, जुनी रीत आहे. तीन म्हाताऱ्या लगेच आईशेजारी येऊन उभ्या राहतात. मी तुमचा हात ओढून विचारते, कधीपासूनची रीत?

"आत्तापासूनची," तुम्ही हळूच म्हणता.

परतताना आई म्हणाली, "अहो, पुजाऱ्यांना तरी सांगून ठेवा."

आता फुलवाली सांगते की तिच्या आजीच्या आजीपासून हे चालत आलंय. पंचायतीतलेही तेच म्हणाले. दगड फलकावर हवाच, इतिहासासकट. आईही आता नाही, म्हणजे खरं माहीत असलेली मी एकटीच. दोन दिवस मी ते लिहिलं आणि खोडलं. लिहिलं, तर गुडघ्याला पट्टा बांधून आलेली एखादी बाई ते वाचेल आणि हात न जोडता कठड्यापाशी नुसती उभी राहील. आणि खोटं लिहायला तुम्ही मला शिकवलं नाहीत.

काल मजकूर पाठवला. शेवटचं वाक्य असं आहे: ही रीत कोणी आणि कधी सुरू केली, हे माहीत नाही. तीनदा तपासलं. मला माहीत होतं, अप्पा. ते या वहीतच राहील.