दादांच्या डोळ्याने सरळ

बिश्केक, ४ एप्रिल

चि. एसेनगुल यास अनेक आशीर्वाद वि. वि.

मी इथे बुरुलकडे आलो, आणि लेकीने बापाला धरून डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलंच. बाईंनी चौकटी आखलेला कागद दिला. डावा डोळा झाकला तर सगळ्या रेघा वाकड्या. मी म्हणालो, छापणाऱ्याला हाकला. मग यंत्रापुढे हनुवटी टेकवून बसवलं. टोचणं नाही की काही नाही. नुसत्या उजेडाने डोळ्यातल्या पडद्याचा आडवा काप दिसतो. लोकर दाबून केलेल्या नमद्यासारखे थरावर थर, आणि उजव्यात मधोमध उंचवटा. खाली पाणी शिरलंय. दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्या म्हणतात. टाळलं तर मधली नजर जाईल, लग्नात बुरुलच्या चेहऱ्याजागी डाग दिसेल. मी म्हणालो, त्यापेक्षा घोड्याची लाथ बरी. तेव्हापासून पोरगी बोलत नाही.

तिच्या लग्नासाठी तू करतोयस त्या तंबूच्या काठ्या सरळ ठेव. हल्ली तुझा हात फार वाकडा पडतो.

घरी सर्वांची आठवण काढणारा,
जुमाकादिर

कोचकोर, ११ एप्रिल

ती. जुमाकादिरदादांस सा. न. वि. वि.

सकाळच्या नमाजानंतर तुमच्या डोळ्यासाठी दुआ मागितली आणि तिथेच स्वतःची लाज वाटली. म्हणून लिहितो. तुम्ही सवयीने डावा डोळा मिटून काठी पारखता. गेल्या हिवाळ्यात इथे असताना माझी एकेक काठी तुम्ही वाकडी ठरवलीत. त्या सरळच होत्या, दादा. पण थोरल्या भावाला उलट कसं बोलायचं? तुम्ही ‘आता सरळ झाली’ म्हणेपर्यंत वाफ देऊन देऊन मी त्या वाकवल्या. पासष्टच्या पासष्ट. काल तंबू उभारून बघितला. शेजारचा मामात म्हणाला, तंबूच्या पोटात कळ आलेली दिसते. बायको म्हणते, एका भावाला दिसत नाही, दुसऱ्याला बोलता येत नाही.

आज पहिल्यांदा उलट बोलतो. इंजेक्शन घ्या. मग दोन्ही डोळे वटारून माझ्यावर रागवा.

माया पातळ होऊ देऊ नये, ही विनंती.
आपला एसेनगुल

बिश्केक, २५ जून

चि. एसेनगुल यास आशीर्वाद.

गाढवा, पासष्ट काठ्या!

तुझं पत्र बुरुलने बाईंना वाचून दाखवलं. त्या डोळे पुसेपर्यंत हसल्या, आणि मी मुकाट्याने आडवा झालो. तीन इंजेक्शनं झाली. आधी डोळा बधिर करतात. माझ्या आरडाओरड्यालाच जास्त वेळ लागला. काल यंत्राने पुन्हा बघितलं. उंचवटा बसलाय, कागदावरच्या रेघा सरळ दिसतात. पण पाणी पुन्हा भरू शकतं म्हणे.

लग्नाला तीन आठवडे आहेत. काठ्या सरळ कर. एक तेवढी वाकडी राहू दे, माझ्या बसायच्या जागेवर. लग्नानंतर मी गावीच असेन, रोज डावा डोळा मिटून त्या काठीकडे बघणार. ज्या दिवशी ती सरळ आहे म्हणेन, त्या दिवशी मला गाडीत घालून इकडे बाईंकडे आण. नको म्हणालो तरी ऐकायचं नाही.

तुझ्या उलट बोलण्याचा लोभ असलेला,
दादा