पायावरचं पाणी

मिलिटरी हॉस्पिटल, पुणे
ता. १२ एप्रिल १९७२

ती. शालूआक्कास,
मानसिंगचा शि. सा. नमस्कार वि. वि.

लढाईत गेलेल्या उजव्या पायाची जखम आता भरली. लाकडी पायावर चालाय शिकलो. सुट्टी कवाच मंजूर झालीया, पण गावी जावंसं वाटत न्हाई. तुला म्हणून सांगतो, हसू नगंस. गुडघ्याखाली पाय न्हाई, तरी त्याचा तळवा आग आग करतोय. खाजवाय जावं तर हातात चादर येती.

डॉक्टरसाहेब म्हणाले, पाय गेला, पण मेंदूतला पाय हाय तिथंच हाय. त्येंचं खरं असंल. पण गावात सांगितलं तर म्हणतील, मानसिंग पायाबरुबर डोस्कंबी सोडून आला. राहीनं येडा नवरा का म्हणून सांभाळायचा? इकडंच कुठं नोकरी मिळती का बघतो.

दाजींना नमस्कार. धाकट्या भावावर राग धरू नये.

तुझा,
मानसिंग

आष्टा, जि. सांगली
ता. २० एप्रिल १९७२

चि. मानसिंगास,
आक्काचे पोटभर आशीर्वाद.

पत्र वाचून आधी तुला शिव्या घातल्या, मग रडले. लय शहाणा हायस! इतकं दिस सोसलंस आणि आता सांगतोस व्हय रं?

माझं पयलं पोर पाळण्यात गेलं, तवा तू पलटणीत होतास. त्येला पुरून आल्यावरबी शेजारच्या चंद्राबाईचं तान्हं रडलं की मला पान्हा फुटायचा. चोळी भिजायची. पोर न्हाई हे मला ठावं होतं, दुधाला कुठं ठावं होतं? मन कुठं संपतं नि अंग कुठं सुरू होतं ते तुझ्या डॉक्टरला कळू दे, मला न्हाई कळत. पण मी येडी नव्हते बाबा. सासूबाई मला गप बस म्हणाल्या न्हाईत, नुसत्या जवळ बसून ऱ्हायल्या. राहीबी बसंल. तिला बसू तर दे.

गुमान घरी जा. न्हाईतर कान धरून नेईन. कान तर दोन्ही शाबूत हायत न्हवं?

माया हाय तेवढी हाय. पुढलं पत्र गावाकडनं आलं तर आणिक वाढंल.

तुझी,
आक्का

अपशिंगे, जि. सातारा
ता. ७ मे १९७२

ती. आक्कास,
मानसिंगचा साष्टांग नमस्कार.

घरी आलो. एष्टीत पट्टा काचला म्हणून लाकडी पाय काढून, कुबडीवरच दारात उभा ऱ्हायलो. राही भाकरतुकडा नि तांब्या घेऊन पुढं आली. डाव्या पायावर पाणी घातलं, आणि हाताच्या सवयीनं उजव्या बाजूलाबी घातलं. पाणी थेट दगडावर पडलं. आई ओरडली. राहीनं जीभ चावली, तिचं डोळं भरलं.

आणि आक्का, शपथ घेऊन सांगतो, माझा तळवा गार पडला! लढाईपासनंची आग निवली. मी तिथंच सगळ्यांदेखत रडलो, आणि तिला म्हणालो, आणिक घाल. मग सगळं सांगितलं.

ती हसली न्हाई, भ्याली न्हाई. दुसरा तांब्या भरून आणला.

आता रोज सांजंला घालती. दुष्काळात पाणी दगडाला पाजता व्हय, म्हणून आई करवादती, आणि सकाळी तीच एक घागर जास्तीची आणून ठेवती. तू दटावलं नसतंस तर मी या माणसांना मुकलो असतो. तुझं उपकार या जन्मी फिटायचं न्हाईत, तुझ्या पायावर डोकं ठेवतो.

त्या दिशी दुसरा तांब्या ओतायच्या आधी राहीनं काय विचारलं, ते सांगतो नि थांबतो. तिनं विचारलं, टाचंवर घालू का बोटांवर?

तुझा,
मानसिंग