कोरडी ओळ

३ फेब्रुवारी
दादाच्या शेतावर आले. जगासमोरचा दादा, माझा सख्खा भाऊ, देश चालवतो. इथला दादा फाटक्या बनियनवर बटाट्याच्या ओळीत उकिडवा बसतो. दर आठवड्याला मी पेपरात त्याची सालं काढते, पण त्याला काही नाही. "सरकारवर लिही, माझ्या नाकावर लिही. बटाट्यांना हात लावलास तर याद राख!"

चौदा वर्षं खपतोय — कमी पाण्यावर येणारं वाण. एक ओळ मुद्दाम कोरडी. लावणीनंतर थेंब नाही. ती तगली तर वाण खरं. "बाकी सगळे मला बरं वाटेल तेच सांगतात गं. ही खरं बोलते."

सोळा तारखेला कोरडवाहू गावांना बियाणं वाटणार.

५ फेब्रुवारी
कोरडी ओळ हिरवीगार. मला मेलीला बटाट्याचा हेवा!

८ फेब्रुवारी
सकाळी फिरायला गेले — आणि पहारेकरी झारी घेऊन कोरड्या ओळीत!

"अहो, हे काय?"

"ताई, पाहुणे येतात. साहेबांचंच पीक मान टाकलेलं दिसलं तर शोभतं का?"

"कधीपासून?"

"मला तीन वर्षं झाली. आधीचेही घालायचे." वर लाजला. "साहेबांना सांगू नका हं. उगाच कौतुक करत बसतील."

कौतुक!

९ फेब्रुवारी
सांगायला गेले. दादा बियाण्याच्या गोणीवर बसून शीळ घालत होता. लहानपणानंतर आज ऐकली. हवापाण्याच्या गप्पा मारून परत. आणि मी म्हणे हुजऱ्यांना झोडपते!

१२ फेब्रुवारी
कोरडवाहू गावांतली माणसं दादाच्या शब्दावर सगळं रान याच बटाट्याला देतील. वाळलं तर वर्षभर खातील काय — माझे लेख?

१४ फेब्रुवारी
सांगितलं. दादाने कोरड्या ओळीतली माती चिमटीत घेऊन पाहिली. मग एवढंच — "हिलाही फितवलं."

शिव्या तरी द्यायच्या! पहारेकऱ्यालाही बोलला नाही. "परवा सभेत मीच सांगतो. लोक माझं ऐकतात."

१६ फेब्रुवारी
सांगितलं त्याने. माइकवर, तीनदा — वाण नापास आहे, लावू नका, नेऊ नका. टाळ्या थांबेनात. शेजारची बाई डोळे पुसत म्हणाली, "केवढा विनय!" आणि लोकांनी मंडपामागच्या गोण्या उचलून ट्रकमध्ये भरायला सुरुवात केली. दादा धावत जाऊन ट्रकपुढे हात पसरून उभा राहिला, घसा फाटेस्तोवर ओरडला.

लोक त्याच्या शेजारी उभे राहून फोटो काढत होते.