हवेवरचा व्हॉल्व्ह

उस्ताद, आज दुपारी मी तुमचं सिलिंडर उघडलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, निजामाचं राज्य गेलं, जिनिंगचे मालक बदलले, पण प्रेसच्या व्हॉल्व्हवर तुम्ही बसवलेलं ते सिलिंडर उघडायला माझा हात धजत नव्हता. मला तुमचा संशय होता, आणि तो खरा निघाला तर तुमच्याबद्दल काय वाटून घ्यायचं हे मला ठरवता येत नव्हतं.

तेव्हा कापसाच्या गाठी दाबायच्या प्रेसचा व्हॉल्व्ह हातानं फिरवावा लागे. चाक फिरवलं की दाबाचं पाणी आत शिरायचं आणि प्रेस वर चढायची. वेळेवर बंद केलं नाही तर ती चढतच राहणार आणि लोखंडी दरवाजे माणसांच्या अंगावर फेकणार. मालकाला हे काम यंत्राकडून करून हवं होतं. हैदराबादचा एजंट दोन तऱ्हा सांगून गेला, एक विजेच्या मोटारीची, दुसरी दाबलेल्या हवेची. निवड मिस्त्री म्हणून तुमच्यावर आली. मी नुकताच हैदराबादेत विजेचं काम शिकून आलो होतो. मोटार आली असती तर ती माझ्या ताब्यात आली असती, हे सगळ्या जिनिंगला ठाऊक होतं. तुम्हालाही.

मालकासमोर तुम्ही उभे आहात, मुंडाशाच्या टोकानं हात पुसताय. "बिजली गेली तर वॉल हाय तितंच ऱ्हाईल, मालक. हवा गेली तर आतली स्प्रिंग त्याला आपसूक बंद करंल. आन् हितं समदा कापूस. एक ठिणगी लई झाली." मी म्हणालो, मोटार बंद पेटीत असते, ठिणगी बाहेर येत नाही, शिवाय व्हॉल्व्ह पाहिजे तेवढाच उघडता येतो. तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "गप बे. चार दिस हैदराबादला गेलतास म्हून मला शिकवतो?" मालक हसला, हमाल हसले. तुमचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणून तर जास्त झोंबलं.

पण यात कुठंतरी पाणी मुरतंय असं मला त्याच दिवशी वाटलं. तुमची नजर अधू होत चालली होती. दाबाचा काटा तुम्ही मला वाचायला लावायचात आणि हात तेलकट असल्याचं सांगायचात, जसं काही आपण हातानं वाचतो. मालक तुम्हाला घरी बसवायच्या गोष्टी उघड बोलू लागला होता. विजेचा 'व' तुम्हाला येत नव्हता, हवेचं काम मात्र तुमच्याशिवाय कुणालाच येत नव्हतं. हवेच्या सिलिंडरचं खोकं आलं तेव्हा तुम्ही मला वॉशरांचं चामडं आणायला थेट आष्टीला पिटाळलंत. चामडं तर आपल्या बीडच्या बाजारात मिळत होतं! परत आलो तोवर सिलिंडर बंद, वर रंगसुद्धा दिलेला.

"कावून इतकी घाई केली, उस्ताद?"

"घाई न्हाई. काम झालं."

पुढं कधी हवा दाबणाऱ्या कॉम्प्रेसरचा पट्टा घसरायचा, हवा जायची, आणि कुणी ओरडायच्या आत तुम्ही व्हॉल्व्ह हातानं बंद करायच्या, सिलिंडरवरच्या छोट्या चाकाला भिडलेले असायचात. आत स्प्रिंग आहे तर हा माणूस धावतो कशाला, असं मी मनात म्हणायचो. एकदा विचारलंच, तर "सवय हाय" एवढंच. मालक मात्र खूश. असा दक्ष मिस्त्री शोधून सापडायचा नाही म्हणाला, आणि शेवटपर्यंत तुम्हाला ठेवलं. तापात पडलात तेव्हा मी भेटायला आलो, तर तुम्ही माझं मनगट धरून म्हणालात, "हवा गेली की चाकावर हात. दुसऱ्या कशाची वाट बघायची न्हाई." मी तसंच करत आलो. तुमच्यानंतर तुमची जागा मलाच मिळाली.

आता नवा मालक पुन्हा विजेच्या मोटारीचं म्हणतोय. तिच्यासोबत एक पोरगेला वायरमनही येणार. जुनं चांगलं असेल तर राहू दे, म्हणून त्यानं मला सिलिंडर उघडून बघायला सांगितलं. उघडलं. स्प्रिंग नाही. मोडलेली नाही, गंजलेली नाही, तिच्या बैठकीवर घासल्याची साधी खूणही नाही. तिथं ती कधी बसलीच नव्हती. ज्या एका गोष्टीवर तुम्ही मला चारचौघांत गप्प केलंत, तीच आत नव्हती. मला तुमचा भयंकर राग आला. खोक्यातून ती आलीच नसेल आणि मालकाला सांगायची तुमची छाती झाली नसेल, असंही मनाला समजावून पाहिलं. पण मग आष्टीला का पिटाळलंत? स्प्रिंग असती तर व्हॉल्व्हपाशी माणूस कशाला लागला असता, उस्ताद? तुम्ही लागला नसतात. तुमच्यामागं मीही लागलो नसतो.

हे पत्र पाठवायचं तरी कुठं? लिहून झालं की चुलीत घालणार आहे. एकच सांगायचं राहिलं. मी झाकण लावून, नटबोल्ट आवळून हात धूत होतो तेवढ्यात मालक आला. "बघितली का स्प्रिंग, मिस्त्री?"

"बघितली, मालक," मी म्हणालो, "लई चांगली हाय. हवाच ऱ्हाऊ द्या."