सावरटोलीचा अभिप्राय

४ जून २०१२, सकाळी.
ऑर्डर हातात. सरपंच आणि ग्रामसेवकांचं प्रशिक्षण, विषय 'नियोजन, नेतृत्व आणि हद्दबदल', प्रभारी मी. तेरा वर्षांपूर्वी गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा मी ज्युनिअर होतो, म्हणून मला कोणी विचारलं नाही. ती चूक आता दुरुस्त होत आहे. विस्तार अधिकारी असलो तरी आतून मी नेता आहे, हे साहेबांना उशिरा का होईना कळलं. उद्यापासून पाचला उठणे.

५ जून.
साडेसातला उठलो. नेतृत्व वेळेवर अवलंबून नसतं.

११ जून.
अड्याळला प्रशिक्षण. चाळीस बोलावले, अकरा आले. शेतात धानाचे पऱ्हे टाकायचे दिवस आहेत. अकरा म्हणजे क्वालिटी. बारा नंबरच्या स्लाइडला लाइट गेली, मग नुसताच बोललो. चिचटोल्याच्या सरपंच पंचफुलाबाई डोळे मिटून एकाग्रतेने ऐकत होत्या.
शेवटी मागून एक म्हातारी उठली. बायजाबाई, नवी सावरटोली. तिला बोलावलंही नव्हतं. विचारलं, "सायेब, आमी कोन्या गावचे जी?"
तिचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. सहा वर्षांपूर्वी चिचटोल्याच्या शेजारी पुनर्वसन झालं. जुनी ग्रामपंचायत कागदावरून गेली आणि चिचटोल्याच्या हद्दीत अजून घेतलेलं नाही. नात रुपा, तिचा नर्सिंगला नंबर लागला आहे. तीस तारखेपर्यंत रहिवासी दाखला हवा. चिचटोल्याचा ग्रामसेवक तेजराम म्हणतो, माझ्या हद्दीत नाही.
मी सर्वांसमोर सांगितलं, मावशी, दहा दिवसांत करतो. माझा मोबाइल नंबरही दिला. टाळ्या पडल्या. तिघांच्या.

१४ जून.
कृती आराखडा तयार. चार रंगांत. हिरवा रंग संपल्यामुळे अंमलबजावणी सध्या कोरी आहे.

१६ जून.
तेजरामला झापलं. तो शांतपणे म्हणाला, सर, हद्दीची फाइल वरून मंजूर होऊन येऊ द्या, पाच मिनिटांत दाखला देतो. म्हणजे घोडं भंडाऱ्यात अडलं आहे. कडक स्मरणपत्र पाठवलं. 'संबंधित बेजबाबदार अधिकाऱ्याची जबाबदारी निश्चित करावी.' बेजबाबदार हा शब्द अधोरेखित केला. बरं वाटलं.

२१ जून.
दहा दिवस झाले. मला कामाचे दिवस म्हणायचे होते.
बायजाबाईचे दोन फोन. उचलले नाहीत. नेत्याने अर्धवट माहिती देऊ नये. सरिता म्हणाली, "काहून नाही उचलून राहिले?" बायकोला प्रशासन समजत नाही.

२५ जून.
भंडाऱ्याहून उत्तर. फाइल ९ नोव्हेंबरला अभिप्रायासाठी आमच्याकडेच पाठवलेली आहे. 'संबंधित बेजबाबदार विस्तार अधिकाऱ्याची जबाबदारी निश्चित करून कळवावे.' बेजबाबदार हा शब्द त्यांनी माझ्याच पत्रातून उचलला आहे, रेषेसकट.
दुपारी कपाट उघडलं. फाइल होती. आता आठवलं. दिरंगाईचं नमुना प्रकरण म्हणून प्रशिक्षणात दाखवायला मीच वेगळी काढून ठेवली होती. स्लाइड क्रमांक चौदा.

२६ जून.
अभिप्राय लिहिला. चार ओळी, अकरा मिनिटं. गेले साडेसात महिने मी नेमका कशात होतो ते आठवत नाही. फाइल घेऊन स्वतः भंडाऱ्याला गेलो. बाबू म्हणाले, आता दीड महिना धरा. पोरीचं वर्ष गेलं.
रात्री जेवलो नाही. थोडंसंच जेवलो.

२८ जून.
नव्या सावरटोलीला गेलो. मोटारसायकलवर पूर्ण वेळ वाक्याची तयारी केली. 'मावशी, फाइल माझ्याकडेच होती.' सहा शब्द ठेवले की घसरत नाही... मोजले तर चारच निघाले.
बायजाबाई अंगणात धान पाखडत होती. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "रुपा तं गेली न जी, कालच. भंडाऱ्याले."
मी फोन उचलत नाही म्हटल्यावर टोलीतल्या वीस बाया चिचटोल्याला चालत गेल्या. पंचफुलाबाईंनी तेजरामला ऑफिस उघडायला लावलं. म्हणाल्या, "हद्द कोठीबी राहो. पोरगी सहा वर्सं आपल्याच नळाचं पानी पिऊन राह्यली. इथं राह्यते म्हून लिव्ह." तेजरामने लिहिलं. पंचफुलाबाई प्रशिक्षणात झोपल्या नव्हत्या, हे मी आधीच नोंदवलेलं आहे.
बायजाबाईने चहा दिला. "फोनचं मनाले लावून नका घेऊ," म्हणाली. "तुमाले बी हजार कामं." ती रागावली असती तर मी फाइलचं सांगितलं असतं. चहा प्यायलो.
मग तिने विचारलं, "पन आज इकडं कायले आले होते, सायेब?"
म्हणालो, काही नाही, इकडून चाललो होतो.
ती बरं म्हणाली. नव्या सावरटोलीत रस्ता संपतो. पुढे धरणाचं पाणी आहे.